उजवा कौल

या, असे जवळ येऊन बसा. दाराशी कोण थांबलंय, त्यांनाही आत घ्या. माणसं थोडी सरकली की जागा होतेच. आज तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, पुष्कळ दिवस मनात होती. गोष्ट देवाची म्हणावी, तर देव तीत एक शब्दही बोलत नाही. आणि सगळा घोळ मात्र त्याच्याच नावानं झालेला. तेव्हा चित्त इकडं असू द्या.

बाहत्तरचा दुष्काळ ओसरून दोन-तीन वर्षं झाली होती. परभणीत एका जुन्या गल्लीच्या तोंडाशी नरसिंहाचं लहानसं देऊळ होतं. ज्यांना पोखर्णीच्या मोठ्या नरसिंहाला जाणं जमत नसे, ते इथं माथा टेकवून जायचे. देवळापुढं शेणानं सारवलेलं अंगण आणि अंगणाच्या कडेला एक जुना लिंब, दोघांच्या कवेत न मावणारा. त्याचा अर्धा पसारा देवळाच्या अंगणावर आणि अर्धा शेजारच्या बन्सीधरच्या घरावर. मध्ये कमरेएवढी भिंत.

हा बन्सीधर म्हणजे देवळाचा मृदंग. तीस वर्षं त्या अंगणात जे जे बुवा उभे राहिले, त्यांच्या मागं तो बसला. मग त्याच्यावरून वारं गेलं. उजवं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली. बायको बायनाबाई सकाळीच त्याची बाज ओढून ओट्यावर लिंबाखाली आणायची, आणि तो दिवसभर तिथं पडून असायचा. पलीकडं कीर्तन उभं राहिलं की त्याच्या डाव्या हाताची बोटं बाजेच्या लाकडावर चालायला लागायची. ठेका चुकायचा नाही.

आता ज्याची ही गोष्ट, तो व्यंकटराव. तहसीलीत पेशकार, म्हणजे साहेबापुढं कागद ठेवणारा कारकून. दफ्तरात कडक, पण कीर्तन म्हटलं की मेणासारखा. टाळांचा आवाज कानावर आला की भरल्या ताटावरून उठणारा माणूस. देवळाच्या मंडळाचा चिटणीसही तोच. बन्सीधरला तो दादा म्हणायचा, बायनाबाईला वैनी. बन्सीधरला तूप-भात भरवताना मी त्याला माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे माणूस वाईट नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. वाईट असता तर गोष्टच झाली नसती.

नरसिंहाचं नवरात्र वैशाखात. नऊ दिवस कीर्तनं, आणि चतुर्दशीला सूर्य मावळताना देवाचा जन्म. म्हणून कीर्तन दुपारी चारलाच उभं राहायचं. वैशाखातली परभणी आणि दुपारचे चार, तुम्हाला सांगायला नको. पण लिंबाखाली सडा मारलेल्या त्या अंगणात शंभर माणूस सुखानं बसायचं.

एका साली काय झालं, जिंतूरकडचे एक मोठे बुवा आले होते. जन्माचा दिवस. प्रल्हादाचं आख्यान ऐन रंगात आलं, बापानं खांबाकडं बोट दाखवलं, आणि नेमका वळीव कोसळला. माणसं जोडे शोधत पळाली. जन्म गाभाऱ्यात चौघाजणांत उरकावा लागला. त्याच्या आदल्याच दिवशी लिंबावरच्या कावळ्यानं बुवांच्या उपरण्यावर घाण केली होती. बुवा जाताना हसत म्हणाले, "पेशकार, पुढच्या साली डोक्यावर कायतरी घाला. न्हाईतर मी टोपलं घेऊन उभा राहतो."

सगळे हसले. व्यंकटरावाला मात्र ते लागलं. त्यानं वर्षभरात घासाघीस करून सभामंडप ठरवला. वर लोखंडी पत्रे, खाली शहाबादी फरशी. आड येत होता तो फक्त लिंब. मंडळाचे अध्यक्ष भगवानराव, मोंढ्यातले अडत्ये, म्हणाले की देवळाच्या झाडाला हात लावायचा तर देवाला विचारलं पाहिजे, कौल लावा.

कौल लावायची तिथली रीत साधी. फुलाच्या दोन पाकळ्या ओल्या करून देवाच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या. उजवी आधी गळली तर देवाची मर्जी आहे. डावी आधी गळली तर नाही. पुजारी दत्तरावांचा हात वयानं कापायचा, नजरही अधू झालेली. ते म्हणाले, पेशकार, तुमीच लावा. मंडळी बाहेर अंगणात हात जोडून बसली. गाभाऱ्यात व्यंकटराव एकटा.

त्यानं डावी पाकळी गंधाच्या वाटीत टेकवली आणि घट्ट बसवली. उजवीला नुसतं पाणी लावलं, तेही निथळून.

इतकंच. फाल्गुनातली कोरडी हवा. पाव तासात उजवी पाकळी सुटली आणि देवाच्या पायाशी पडली. बाहेर नरसिंहाचा गजर झाला. डावी तिसऱ्या प्रहरापर्यंत जागची हलली नाही. दत्तराव म्हणाले, उभ्या हयातीत असा साफ कौल बघितला न्हाई.

व्यंकटरावानं मनाची समजूत घातली. ह्यात मी माझ्या घरी काय नेलं? देवाचंच काम. दफ्तरात साहेब सही करणारच असा कागद असला, की शिपायाकरवी पुढं पाठवून देतातच की; सही मागून होते. तसंच हे. देव मागून सही करील.

चार दिवसांत लिंब पडला. बन्सीधर बाजेवरून बघत होता. पाचव्या दिवशी त्याच्या अंगावर सरळ ऊन आलं, तेव्हा बायनाबाईनं बाज आत नेली. पण आत त्याचा जीव रमेना. तो डाव्या हातानं दार दाखवत राहायचा. मग तिनं ओट्यावर जुनं लुगडं ताणून बांधलं आणि त्याला पुन्हा बाहेर आणलं.

महिन्याभरात मंडप उभा राहिला. त्याच सुमारास गल्लीत डांबर पडलं. देवळाचा चकचकीत मंडप बघून आणखी पाच-सहा घरांनी धाब्याची माती उतरवून पत्रे घातले. एकानं तर सिमेंटचा स्लॅब टाकला. गल्ली सुधारली, असं जो तो म्हणायला लागला. सुधारली, हे खरंच.

वैशाख आला. नवरात्राच्या पहिल्याच दिवशी बुवांनी भर कीर्तनात व्यंकटरावाला पुढं बोलावलं आणि स्वतःच्या गळ्यातला हार त्याच्या गळ्यात घातला. म्हणाले, पेशकारांनी देवावर सावली धरली. लोकांनी गजर केला. व्यंकटराव खाली मान घालून उभा. पायाखालची फरशी अशी पोळत होती की तो एकदा ह्या पायावर, एकदा त्या पायावर भार देत होता. दुसऱ्या दिवशी बाया मध्येच उठून गेल्या. तिसऱ्या दिवशी लोकांनी बसायला पोती आणली. जो तो म्हणायचा, औंदाचा उन्हाळाच वंगाळ.

व्यंकटरावालाही तेच हवं होतं. उन्हाळ्यावर ढकललं की सुटलो. तिसऱ्या दिवशी सकाळी तहसीलीत सिताराम आला. सिताराम गल्लीपलीकडच्या बौद्ध वस्तीतला. शेतकी विद्यापीठाच्या शेतावर तापमापी वाचून वहीत लिहायची, हे त्याचं काम. आकड्यांचा कागद तोच तहसीलीत आणून द्यायचा. व्यंकटरावानं सहज विचारल्यासारखं केलं, की औंदा ऊन लय पडायलंय, न्हाई का सिताराम?

"न्हाई साहेब," सिताराम म्हणाला. "मागच्या सालापेक्षा अर्धी डिग्री कमीच हाय."

व्यंकटरावानं तो कागद दोनदा वाचला. मग म्हणाला, की आमच्या गल्लीत येऊन एकदा मोजशील का?

सिताराम आपली घरची तापमापी घेऊन आला आणि दोन दिवस मोजत राहिला; शेतावरचे आकडे तिथला जोडीदार लिहून ठेवायचा. शेतावर झाडाच्या सावलीत दुपारी तीनला एकेचाळीस, तेव्हा देवळाच्या पत्र्याखाली शेहेचाळीस. बन्सीधरच्या ओट्यावर पंचेचाळीस. दिवेलागणीला शेतावर तेहतीसवर उतरलं होतं, आणि ओट्यावर अडतीस.

सिताराम समजावून सांगायला लागला, त्याला कुणाला दुखवायचं नव्हतं. "साहेब, दुपारचं सोडून द्या. पन सांजच्याला बघा. पत्रा तर लगेच तापतो आन तापला की खालच्या मानसावर ओततो. फरशी आन डांबर दिवसभर ऊन खातेत आन सांजच्याला ते ओकतेत. झाडाचं तसं नसतंय. झाड ऊन घेतं, पन पानातून पानी सोडतं, हवा गार करतं. तुमची आमची सावली येगळी आन झाडाची येगळी."

"मंजी आमी धरली ती सावलीच न्हाई?"

सिताराम सरळ इलाजांकडं वळला. पत्र्यावर पांढरा चुना फासा, ऊन परततं. वर तुरीच्या वाळल्या तुराट्या पसरा. भिंतीकडची फरशी उचला, मातीवर पाणी मारा, आणि झाडं लावा. सगळं साधं, घरातल्या घरात होण्यासारखं.

व्यंकटराव त्याच दिवशी भगवानरावांकडं गेला. त्यांच्या दुकानी मंडळातली आणखी दोघं-तिघं बसली होती. त्यानं चुन्याचं काढलं, आणि भगवानराव पोट धरून हसले.

"देवानं सोता उजवा दिलेला मंडप. त्याच्यावर चुना? अहो पेशकार, देवाला चुना लावता का?"

सगळी बैठक हसली. हसता हसता एकानं व्यंकटरावाच्या पाठीवर थापही मारली. चुना कधीचाच लावून झाला होता, आणि तो लावणारा त्यांच्यातच बसला होता. एवढं बोलला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं. कौल खोटा म्हटल्यावर पत्र्याला कोण धरून बसतो? पण तो म्हणाला, चेष्टा केली हो, आणि उठून आला.

नवरात्राच्या पाचव्या दिवशी बायनाबाई त्याच्या दारात आली. आत आली नाही, उंबऱ्याबाहेरच बसली. बन्सीधर दोन दिवस जेवला नव्हता. लघवीही नीट होत नव्हती. अंग सांजेला तव्यासारखं असायचं.

"भावजी, एक मागायचं होतं," ती म्हणाली. "आमच्या भिताडाकडचे पत्रे आठ दिस काढता यायचे न्हाईत का? तितं कापडाचा मांडव घाला. ह्यांना लय तकलीफ होयलीय."

आता ऐका. इथंच सगळी गोष्ट आहे. व्यंकटरावापुढं त्या बाईनं पदर पसरला होता आणि त्याला खरं काय ते ठाऊक होतं. तो म्हणाला,

"वैनी, देवाचा कौल हाय. माझ्या हातात काय हाय?"

बायनाबाईनं हात जोडले, त्याला नव्हे, देवळाच्या दिशेला. म्हणाली, देवानंच दिलाय म्हनल्यावर मी कोन बोलनारी. आणि गेली.

ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत तो दारात उभा होता. हाक मारावी असं त्याला तीनदा वाटलं. मग त्यानं मनाशी तोडगा काढला. जन्म होऊ दे. उत्सवात विघ्न नको. चतुर्दशी पार पडली की भगवानरावांना सांगतो, पायावर डोकं ठेवतो. चार दिवसांचा तर प्रश्न.

त्या चार दिवसांत त्यानं काय काय केलं म्हणता? दुपारी पाण्याच्या घागरी आणून ओट्याच्या बाजूनं फरशीवर ओतल्या. लोक म्हणाले, पेशकारांची सेवा बघा. पाणी वाफ होऊन उडायचं. बन्सीधरला वाळ्याचा पंखा नेऊन दिला, ताक नेलं. बायनाबाई म्हणायची, भावजी, तुमी देवमानूस. आणि हे ऐकून तो असा लगबगीनं परतायचा, की जणू कुणी मागं लागलंय.

चतुर्दशी झाली. जन्म झाला, गुलाल उडाला. पौर्णिमेला दुपारी बन्सीधर गेला.

त्या दिवशी बुद्धजयंती होती. सिताराम दरसाल गल्लीच्या तोंडाशी पाणपोई घालायचा. बायनाबाईची हाक ऐकून तो भरलेली घागरच उचलून धावला, चादरी भिजवून बन्सीधरच्या अंगावर टाकत राहिला. डॉक्टर आले तेव्हा उशीर झाला होता. त्यांनी सांगितलं, ऊन लागलं. बाया आपसांत म्हणाल्या, सावलीत निजल्या मानसाला कसं ऊन लागलं बाई?

व्यंकटरावानं खांदा दिला. सगळं पुढं होऊन केलं. दहाव्या दिवशी तो बायनाबाईकडं गेला, तर ती भिंतीला टेकून बसली होती. देवळात येणं तिनं बंद केलं होतं. मला बोलावणं असंल तर देव बोलावील, म्हणायची. त्याला बघून तिनं पदर सारखा केला आणि विचारलं,

"भावजी, तुमी जानते. आमच्या हातून काय चुकलं आसंल वो? तीस साल ह्यांनी त्याच्या दारात वाजवलं. मी सडा घातला. मंग देवानं आमच्याच डोक्यावरची सावली कामून काढून घेतली?"

ती रडत नव्हती. खरोखरच विचारत होती. रात्रंदिवस ती आपल्या आयुष्यात ते पाप शोधत बसली होती, आणि तिला ते सापडत नव्हतं. सापडणार कसं? ते दुसऱ्याच्या घरी होतं.

व्यंकटरावाला वाटलं होतं, आपण एका माणसाचा घात केला. त्या क्षणी त्याला कळलं की बन्सीधर तर सुटला. पण ही बाई आणि तिचा देव, ह्या दोघांत आपण भिंत बांधून ठेवलीय. तो उठला. वाटेत त्याला उंबऱ्याची ठेच लागली, तीही कळली नाही.

तेराव्या दिवशी जिंतूरचे बुवा आपणहून आले. बिदागी नको म्हणाले. बन्सीधरचं कीर्तन मी असंच करणार. सकाळची वेळ होती, तरी पत्रा तडतडायला लागला होता. बायांनी हात धरून आणलं म्हणून बायनाबाई आली आणि अगदी कडेला बसली. बुवांनी बन्सीधरचे गुण गायले. म्हणाले, देवाची करणी अगाध. त्याच्या मर्जीपुढं आपलं काय चालतं.

"बुवा, थांबा," व्यंकटराव उभा राहिला. भर कीर्तनात उभं राहणारा तो माणूस नव्हे. टाळ थांबले.

"ही देवाची मर्जी न्हाई. कौल मी फसवला. डाव्या पाकळीला गंध लावलं होतं मी, उजवीला नुसतं पानी. देव काय बोललाच न्हाई. आन वैनी पत्रे काढा म्हनत आली तवा, सगळं ठाऊक असून मी तिला देवाचं नाव सांगितलं."

दत्तरावांनी डोळे मिटले. भगवानराव उठले, त्यांचा चेहरा लाल झाला होता; म्हणाले, पेशकार, आम्हा सगळ्यांना तुम्ही पापात घातलंत. मग तेच म्हणाले की आता पत्र्याचं काय करायचं ते पुन्हा कौल लावून देवाला विचारू, ह्या खेपेला सगळ्यांसमक्ष.

दत्तराव बसल्या जागेवरून बोलले. "आता देवाला कशाला तरास देता? बायनाबाईला विचारा."

सगळ्यांच्या माना कडेला वळल्या. बायनाबाई व्यंकटरावाकडं बघत होती. ती म्हणाली, "मंजी देवानं न्हाई काढली."

"न्हाई वैनी."

आणि मग ती रडली. तेरा दिवस जे अडलं होतं ते सगळं. देवाकडं तोंड करून, पदरात, मोठ्यानं. बुवांच्या डोळ्यांतून पाणी आलं, माझ्याही आलं, का लपवू.

डोळे पुसून तिनं सांगितलं ते थोडंच. सगळे पत्रे काढू नका, वळवात लोकांना आसरा पाहिजे. भिताडाकडचे तेवढे काढा, तिथली फरशी उचला आणि लिंब लावा, एक न्हाई, तीन. राहिलेल्या पत्र्यावर सितारामभाऊ म्हणतेत तसा चुना फासा. भगवानराव मुकाट्यानं मान हलवत होते.

व्यंकटराव पुढं गेला, तिच्यापुढं जमिनीला डोकं लावलं आणि म्हणाला, मला काय सांगाल ते करतो. खड्डे मी खोदतो, पाणी मी घालतो.

"खड्डे खोदायला मानसं हायत," बायनाबाई म्हणाली. "तुमी तुमच्या घरी जा."

भावजी म्हणाली नाही. पुढं कधीच म्हणाली नाही. व्यंकटरावानं चिटणीसपण सोडलं. लिंब लागले, तिन्ही जगले. त्यांना पाणी बायनाबाईनं घातलं. चुन्यानं पत्र्याखालचा पारा तीन-चार डिग्रीनं उतरला, असं सितारामनं मोजून सांगितलं. त्याचं बघून गल्लीतल्या लोकांनीही आपापल्या पत्र्यांवर चुना फासला. व्यंकटराव कीर्तनाला येत राहिला, पण मंडपात शिरला नाही. गल्लीत, उघड्या डांबरावर, डोक्यावर उपरणं घेऊन उभा राहून ऐकायचा. लोक म्हणायचे, आत या आता, झालं गेलं. बायनाबाई काही म्हणायची नाही, आणि ती म्हणत नाही तोवर आत जायचं नाही, हे त्यानं स्वतःच ठरवलं होतं. ती गेली, तो गेला. ते शब्द राहूनच गेले.

तर बाबांनो, उठण्याआधी माझं एक मागणं आहे. घरावर पत्रा घालायला काढाल, दारचं झाड आड येतंय म्हणाल, तेव्हा भिंतीपलीकडं कोण निजलंय ते एकदा वाकून बघा. आणि त्या वेळी आमच्या बन्सीधरची आठवण करा.